बिस्मिल्लानं कमान काढली

बारावीचे निकाल लागले, कॉलेजांच्या याद्या बाहेर पडल्या, की भवानी पेठेतल्या बंदेनवाजच्या गादीच्या दुकानात दरवर्षी एका ठरावीक वाणाचं गिऱ्हाईक येऊ लागतं. पुढं बाप, मागं पिशव्या घेतलेली आई आणि दोघांच्याही मागं, आपला या खरेदीशी काही संबंध नाही असं तोंड करून उभं असलेलं पोर. बाप म्हणतो, "हॉस्टेलची गादी पाहिजे." आई म्हणते, "लई जड नको, तिला उचलता आली पाहिजे." पोर काहीच म्हणत नाही.

पोराला बोलतं करायचं काम बिस्मिल्लाचं. नवरा कापडाचा गठ्ठा सोडेपर्यंत ती ओढणी सारखी करत आतून येणार, ओठांवरची कापसाची पुसट मिशी पुसणार आणि विचारणार, "कुठं लागला नंबर?"

हा प्रश्न ती अशा तोंडानं विचारायची, की समोरच्या पोराला वाटावं, आपला नंबर लागावा म्हणून ही बाई वर्षभर देव पाण्यात घालून बसली होती. पंढरपूर, इंजिनिअरिंग. पुणे, कॉमर्स. पोर काय सांगेल त्याला ती "अरे वा!" म्हणायची. त्यातलं तिला किती कळायचं कोण जाणे; मैंदर्गीच्या कानडी शाळेत सातवी झाली आणि तिचं दप्तर खुंटीला लागलं. पण गादी भरताना ती एक गोष्ट गिऱ्हाइकाला न सांगता करायची. सगळा कापूस सारखा पसरून झाला, की उशाकडच्या बाजूला आणखी एक मूठ घालायची. बंदेनवाज पहिल्यांदा कुरकुरला, "दुकान चालवायचंय का खैरात वाटायचीय?" ती म्हणाली, "आईपासून पहिल्यांदा लांब निजणार लेकरू. डोक्याखाली तरी मऊ लागू दे की." पुढं त्यानं बोलणं सोडून दिलं.

बंदेनवाज माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते ऐकून बायका पहिली बोटं त्याच्याच नावानं मोडतात. तो हाताला खरा होता, बोलायला कमी होता आणि जगात एकाच माणसाला भीत होता, ते म्हणजे त्याची थोरली बहीण झीनत. आई लहानपणी गेली, तेव्हापासून तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलेलं. टेंभुर्णीला दिली होती ती. नवऱ्याचा ट्रक, मुलाचं, गुफरानचं, हायवेच्या नाक्यावर टायरचं दुकान. आपानं फोनवर हाक मारली तरी बंदेनवाज बसल्या जागी उठून उभा राहायचा.

आता कमानीचं. दुकानात पिंजायची मशीन आली त्याला पुष्कळ वर्षं झाली. बटण दाबलं की ती सगळ्या गल्लीत धुरळा उडवत कापूस खाते आणि दुसऱ्या तोंडानं बाहेर टाकते. पण त्याआधी पिंजाऱ्याच्या घरी माणूसभर उंचीची लाकडी कमान असायची, तिला ताणलेली तात, म्हणजे आतड्याची दोरी, आणि तातीवर मारायची लाकडी मोगरी. बिस्मिल्लाचा बाप ती कमान खांद्यावर टाकून अक्कलकोटच्या बाजूची गावं हिंडायचा. तो गेल्यावर कमान लेकीकडं आली. मागच्या खोलीत, जुन्या चादरीत गुंडाळून, ती भिंतीला उभी असायची, आणि एकाच कामासाठी खाली घ्यायची: घरातल्या लेकीच्या लग्नाची गादी. लग्नाचा कापूस मशीनच्या दातांत घालायचा नाही, ही या घरांतली रीत. त्यामुळं गल्लीला एक सवय लागून गेली होती. मशीनच्या घरघरीला कुणी मान वर करत नसे. पण तात घुमली, की म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, "कमान वाजली. साखर येणार."

लग्नासाठी राखलेला तसा कापूस बिस्मिल्लाच्या घरातही होता. लेक गुलनाज जन्मली तेव्हा बिस्मिल्लाच्या बापानं मैंदर्गीहून पोतं मांडीवर घेऊन एसटीनं आणलेला, सरकी हातानं काढलेला, देशी. दरवर्षी थंडी सरली की बिस्मिल्ला तो गच्चीवर उन्हात घालायची, कडुनिंबाचा पाला बदलायची, पुन्हा पेटीत भरायची. गुलनाज लहानपणी त्या ढिगात लोळायची. जरा मोठी झाल्यावर लांबून बघू लागली. कापूस कशासाठी ठेवलाय हे कळल्यावर मुली तशाच बघतात.

आणि त्या वर्षी गुलनाजचा नंबर लागला. मिरजेला, नर्सिंगला.

बाहेरच्या कितीएक पोरांना "अरे वा!" म्हणणाऱ्या बिस्मिल्लाला स्वतःच्या पोरीसाठी ते दोन शब्द सापडेनात. ती चुलीपाशी गेली, गॅस बंद होता तो पुन्हा बंद केला आणि बाहेर येऊन लेकीच्या गालावरून हात फिरवला, तर गालाला कापूस चिकटला.

बंदेनवाज आधी "बघू" म्हणाला. मग "लांब हाय" म्हणाला. मग दोन दिवस काहीच म्हणाला नाही. आणि एका सकाळी दाढी करता करता आरशातल्या आरशात म्हणाला, "कुर्डुवाडीवरून गाडी हाय मिरजेला. सोडून येईन मी." त्याचं 'हो' ते एवढंच.

झालं, घरात लगबग सुरू झाली. बादली आली, प्लास्टिकचा मग आला, कुलूप आलं, चार गोष्टी ठेवायला पत्र्याची ट्रंक आली. कॉलेजनं पांढरे बूट सांगितले होते. गुलनाज ते घरातच घालून फिरू लागली, बाहेरची धूळ लागू नये म्हणून आणि चावले तर इथंच चावून घेऊ देत म्हणून. बंदेनवाज म्हणाला, "घरात बूट घालून फिरती, डाक्टरीणबाई!" ती म्हणाली, "अब्बा, नर्स." तो म्हणाला, "तेच की. सुई तर तूच टोचणार."

राहिली गादी. हॉस्टेलची खाट अरुंद. त्या मापाची पट्ट्यापट्ट्यांची खोळ गुलनाजनं स्वतःच शिवली, कडेला दुहेरी शिवण घालून. आणि त्याच दिवशी बिस्मिल्लानं पेटी उघडली.

"अम्मी, ह्यातला कशाला?" गुलनाज म्हणाली. "दुकानात ढीग पडलाय की."

"तो गिऱ्हाइकांचा. हा तुझा."

"पण हा तर..."

"तुझ्या नावानं ठेवलाय ना? मग तू जिथं जाशील तिथं जाईल. लग्नाला काय, त्या वेळी बघू." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "ह्या कापसाचं बोलणं एकदा मिटलं की बाकीचंही मिटंल."

हे बाकीचं म्हणजे गुफरान. झीनत आपानं भाचीला पाळण्यात बघून म्हटलं होतं, "ही माझी हं." पाळण्यात सगळ्याच आत्या म्हणतात. पण पुढं ईदला, लग्नकार्यात, ती हे हसत हसत पुन्हापुन्हा म्हणत राहिली, आणि बंदेनवाज हसत हसत ऐकत राहिला. कुणी हो म्हटलं नव्हतं, कुणी नाहीही म्हटलं नव्हतं. गुफरान पोरगा चांगला, निर्व्यसनी, मान खाली घालून बोलणारा. त्यात खोट काढायला जागा नव्हती, हीच पंचाईत. हा पेटीतला कापूस हॉस्टेलला गेला, की न बोलता नाही म्हटल्यासारखं होईल, असा बिस्मिल्लाचा हिशेब. आपापुढं तोंड उघडायची हिंमत तिच्यातही नव्हती. तिनं ते काम कापसावर सोपवलं.

गुलनाजनं पेटीतला कापूस ओंजळीत घेतला. "मशीनवर घालू की, अम्मी."

"छे गं! भुगा होईल ह्याचा. कमान काढ खाली."

सकाळची वेळ होती. बंदेनवाज टेम्पो घेऊन माल पोचवायला गेला होता. मागच्या अंगणात आडव्या वाशाला दोर बांधून बिस्मिल्लानं कमान टांगली, तोंडाला ओढणी बांधली आणि मोगरी हाणली. तात घुमली. किती वर्षांनी! पहिल्या दोन ठोक्यांना हात अडखळला, मग खांद्याला बापाची लय आठवली. कापूस तातीवर नाचायला लागला, फुलायला लागला, अंगणात पांढरं पांढरं तरंगायला लागलं. गुलनाज बूट घालून उंबऱ्यात बसून हसत होती. बिस्मिल्लाच्या मनात एकदाही आलं नाही, की हा आवाज गल्लीत जातोय? आलं की. आलं आणि तिला बरंच वाटलं. जाऊ दे! ज्या पोरीसाठी कमान काढली ती कॉलेजला चाललीय हे कळू दे सगळ्यांना. आनंद झालेल्या माणसाला वाटतं, आपण जे सांगतोय तेच लोक ऐकतायत.

पहिली आली समोरची सारजाबाई. शेंगा चटणीचा घरगुती धंदा तिचा. हात तिखटानं लाल, त्याच हातात साखरेची वाटी.

"उघड तोंड," ती म्हणाली आणि बिस्मिल्लाची ओढणी खाली ओढून चिमूट तोंडात कोंबलीही. "लपवतीस व्हय गं आमच्यापासनं? कुटला पावना?"

"अवो लग्न न्हाई काकू! कॉलेजला चालली. मिरजेला. हॉस्टेलची गादी हाय ही."

सारजाबाईनं डोळे बारीक केले, गुलनाजकडं पाहिलं, पुन्हा बिस्मिल्लाकडं पाहिलं आणि खदखदून हसली. "व्हय व्हय. पक्कं हुईपत्तूर असंच म्हणायचं असतंय. आमच्या सुनंच्या वक्ताला आमीबी म्हणलो, पोरगं मामाकडं चाललंय. न्हाई विचारत, जा!"

इथंच सगळं अडलं. आमच्याकडं सोयरीक पक्की होईपर्यंत नजर लागू नये म्हणून ती नाकारायची असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळं बिस्मिल्ला जेवढं नाही नाही म्हणेल तेवढं ते हो हो होत गेलं. तिनं अरुंद खोळ फडकावून दाखवली. "बघा की ही! एकट्या माणसाची गादी हाय ही. नवरीची असती का अशी?" तर पलीकडची म्हणाली, "मग दुसरी नंतर भरणार असशील. नोकरीवाल्यांत दोन खाटा असत्यात आता." दरम्यान सारजाबाईच्या सुनेनं कमानीचा व्हिडिओ काढला होता. तात, उडणारा कापूस, उंबऱ्यात हसणारी गुलनाज. खाली लिहिलं, 'आमच्या गुलनाजची गादी', पुढं लाल बदाम, आणि टाकला स्टेटसला.

संध्याकाळपर्यंत तो टेंभुर्णीला पोचला.

झीनत आपा दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीनं आली. उंबऱ्यात चप्पल काढता काढताच म्हणाली, "बंदू, मी मेले का?"

बंदेनवाज गठ्ठ्यावरून उठून उभा राहिला. "काय बोलती आपा?"

"न्हाई, मेले असंल तर सांग. स्वतःचा फातिहा पढून परत जाते. जित्ती असते तर भाचीचं लगीन दुसऱ्याच्या मोबाईलवर बघायला लागलं नसतं."

"लगीन कुठलं, आपा? पोरगी शिकायला चाललीय."

"कायकू बनवतो रे मला?" तिनं बसायला दिलेली खुर्ची नाकारून जमिनीवर बसकण मारली, म्हणजे मामला मोठा होता. "हॉस्टेलच्या खाटंवर टाकायला कमान निघती व्हय? ह्या घरात शेवटची कमान वाजली ती माझ्या लग्नाला, अब्बाची. तात तुटली तर अब्बा रडलेला. आणि आता नर्सिंगसाठी? माझा गुफरान नको होता तर तोंडावर सांगायचं होतं. माझं पोरगं टायर बदलतंय म्हणून हलकं पडलं का तुमाला?"

बिस्मिल्ला पाण्याचा तांब्या घेऊन आली. "आपा, मी काढली कमान. मला वाटलं, पेटीतला कापूस मशीनवर..."

"तू थांब जरा. मी माझ्या भावाशी बोलती."

आपाच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. सोंग असतं तर बंदेनवाजला झेपलं असतं. त्याला ते पाणी बघवेना, आणि आयुष्यात फारसं खोटं न बोललेल्या त्या माणसानं नेमकं त्या वेळी एक खोटं बोलून टाकलं, सगळं मिटावं म्हणून.

"लाईट नव्हती, आपा. मशीन बंद पडलेली. घाई होती, म्हणून हिनं कमान काढली. दुसरं काय न्हाई."

 आपाच्या चेहऱ्यावरची गाठ जरा सैल पडली. लाईट नव्हती, हे कुणालाही पटण्यासारखं कारण होतं. बिस्मिल्लानं नवऱ्याकडं पाहिलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिला त्याच्या खोटेपणाचं कौतुक वाटलं.

तेवढ्यात पाहुणी आलेली बघून सारजाबाई ताज्या चटणीची पुडी घेऊन दारात आली. मनानं निर्मळ बाई. ऐकलेलं शेवटचं वाक्य तिनं लगेच उचललं.

"लाईट? लाईट होती की वो, बंदेनवाजभाऊ! माझं कांडपाचं मशीन चालू होतं दिवसभर. ह्या काय, त्याच दिसाची चटणी."

तिखट-लसणाचा वास दुकानभर पसरला.  सारजाबाईला आपण काय केलं ते कळलं नाही, पण काहीतरी केलं एवढं कळलं. पुडी गठ्ठ्यावर ठेवून ती निघून गेली.

झीनत आपा ओरडली नाही. हळूच म्हणाली, "बघ बंदू. खरंच काय नसतं, तर खोटं कशाला बोलावं लागलं असतं?"

 आपा त्याच पावली परत गेली. चहाचा कप तसाच राहिला, वर साय धरली.

आता खरं म्हणजे एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. बहीण रुसली, रुसू दे. पुढच्या ईदला बोलेल. बिस्मिल्ला तेच म्हणाली. पण गोष्ट घरातून बाहेर पडली होती, आणि बाहेर तिला वेगळेच पाय फुटले. गल्लीनं साखर खाल्ली होती. साखर खाल्ल्यावर पाहुणे यायला हवेत, आणि पाहुणे काही येईनात. बहीण आली ती पाणी न पिता गेली. मग बायका विचारू लागल्या, "कवा मंगनी?" मग विचारेनाशा झाल्या. हे दुसरं वाईट. मग एक दिवस दळणाच्या रांगेत बिस्मिल्लाच्या कानावर आलं, "मोडलं वाटतं." आणि त्याच्या मागोमाग, आवाज खाली पाडून, "पोरीत कायतरी असंल. त्याबिगर लांब धाडत्यात का? मिरजेला म्हणं. हॉस्टेलला."

बिस्मिल्ला दळण न घेता घरी आली. कॉलेजचंच लोकांनी कारण करून टाकलं होतं. जे ठरलंच नव्हतं ते मोडलं होतं, आणि मोडलं म्हणून पोरीला दूर पाठवत होते.

तिनं मग दारोदार जाऊन सांगितलं. शांतपणे, एकेकीला समोर बसवून. बायका ऐकून घ्यायच्या, तिच्या हातावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "जाऊ दे गं. नशिबात असंल ते हुतंय." तिच्या खरेपणाचं त्यांना वाईट वाटत होतं, खरं मात्र वाटत नव्हतं.

शुक्रवारच्या नमाजानंतर बंदेनवाज घरी आला तो टोपी न काढताच भिंतीला टेकून बसला. मशिदीबाहेर त्याला एका जुन्या ओळखीच्यानं बाजूला घेऊन, अगदी भल्या मनानं, एका बिजवराचं स्थळ सुचवलं होतं. "आता असं झाल्यावर लई बघत बसू नको," म्हणाला होता.

"माझ्या पोरीला," बंदेनवाज म्हणाला, "बिजवर." आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

गुलनाज आतल्या खोलीत होती. बुटांचा आवाज थांबला.

"मिरजेला सोडून या तिला," बिस्मिल्ला म्हणाली. "आजच्या आज. लोक चार महिने बोलतील आणि दुसऱ्याच्या मागं लागतील."

"आणि न्हाई लागले तर? चार वर्षांनी परत येईल तवा कोण उभं राहील दारात?"

"ती स्वतः उभी राहील. पगार मिळवंल."

"तू राहतीस का उभी, आपापुढं? मी राहतो का?"

 "तुमाला निमित्तच पाहिजे होतं," बिस्मिल्ला म्हणाली. "पहिल्या दिवसापासनं पाहिजे होतं. मी आणून दिलं हातात."

 त्यानं ते नाकारलं नाही.

टेंभुर्णीला फोन त्यानंच लावला, गुफरानचं पक्कं करायला. आपानं एका हाकेत सगळं माफ केलं. इतकं मोठं मन दाखवलं तिनं, की पुढं कुणाला बोलायला जागाच राहिली नाही. "शिकू दे की लग्नानंतर!" ती म्हणाली. "आमी काय वाघ हाय का? टेंभुर्णीला कॉलेज हाय. बी.ए. कर म्हणावं. नर्सिंग नको तेवढं; रात्रपाळ्या असत्यात, परक्या माणसांचं अंग पुसायचं, आपल्यात शोभत न्हाई." गुफराननं बिस्मिल्लाला वेगळा फोन केला. "मामी, मला घाई न्हाई. तिला जायचं असंल तर जाऊ द्या. मी थांबतो." ती घाईनं म्हणाली, "मग तुझ्या अम्मीला सांग ना हे, बेटा." पलीकडं हायवेवरून एक ट्रक गेला. मग तो म्हणाला, "अम्मीला मी काय बोलणार, मामी." पुढं मागं सासू-जावई होणारी ती दोघं थोडा वेळ तशीच फोन धरून राहिली.

मिरजेहून दोनदा फोन आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा गुलनाजनंच घेतला. "नाही मॅडम," एवढंच म्हणाली. नंतर "थँक्यू मॅडम" म्हणाली.

ती रडली नाही, भांडली नाही, जेवण टाकलं नाही. बिस्मिल्ला मात्र एका वाक्याची वाट बघत होती. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, लेकीकडं पाठ करून ती वाट बघत होती: 'मी सांगितलं होतं, मशीनवर घाल म्हणून.' ते वाक्य एकदा अंगावर येऊन पडलं असतं तर बरं झालं असतं. ते काही येईना.

नवरीची गादी दुहेरी लागते. आपानं फोनवर बजावलं, "भरलीय ती उसवा आणि मोठ्या खोळीत घाला. कापूस तोच ठेवा हं, गुलनाजच्या नावाचा." एका दुपारी मायलेकी मागच्या खोलीत बसल्या. मधोमध ती अरुंद गादी, पट्ट्यापट्ट्यांची, चारी बाजूंनी टाके घातलेली. दुहेरी शिवण उसवायला फार वेळ लागतो. बिस्मिल्लाच्या हातून कात्री दोनदा घसरली, मग गुलनाजनं ती घेतली आणि आपलीच शिवण आपण उसवली, दोरा न तोडता, नीट. कापूस बाहेर आला. उशाकडून जरा जास्तच आला. तिथं बिस्मिल्लानं एक नाही, तीन मुठी घातल्या होत्या.

दबून बसलेला कापूस पुन्हा पिंजायला लागतो. बिस्मिल्लाची नजर भिंतीशी उभ्या कमानीकडं गेली. आता तर खरोखरच लग्न होतं. आता वाजवली असती तर गल्लीनं बरोबर ऐकलं असतं.

गुलनाज उठली. तिनं कापूस दोन्ही हातांनी कवेत घेतला.

"मशीनवर घालू की, अम्मी."

आवाज साधा होता. त्यात टोमणा होता का, ते बिस्मिल्लाला ओळखता येईना. स्वतःच्या पोटच्या पोरीचा आवाज, आणि ओळखता येईना. भुगा होईल, असं ती म्हणाली नाही. मान हलवली.

मशीन सुरू झाली. मैंदर्गीचा, सरकी हातानं काढलेला कापूस तिच्या एका तोंडातून गेला आणि दुसऱ्या तोंडातून तुकडे तुकडे होऊन पडू लागला. घरघर गल्लीत गेली. कुणी मान वर केली नाही. गुलनाज पांढरे बूट घालूनच उभी होती; ते आता घरात घालण्यापुरतेच होते. बुटांवर पांढरा कापूस बसत होता आणि दिसत नव्हता.

तेवढ्यात पुढं दुकानात गिऱ्हाईक आलं. सांगोल्याकडचं कुटुंब. पुढं फेटेवाला बाप, मागं पिशव्या घेतलेली आई आणि त्यांच्या मागं मान खाली घातलेली मुलगी.

"हॉस्टेलची गादी पाहिजे वो."

बंदेनवाजनं आत बघून हाक दिली. बिस्मिल्ला उठायला लागली, पण गुडघ्यावर हात ठेवून तशीच थांबली. गुलनाजनं मशीन बंद केली, केसांवरचा कापूस झटकला, नुकतीच रिकामी झालेली ती पट्ट्यांची खोळ काखेत मारली आणि बाहेर गेली.

"कुठं लागला नंबर?" तिनं त्या मुलीला विचारलं.

आतल्या खोलीत बिस्मिल्लाला वाटलं, आपणच विचारतोय. इतकं हुबेहूब. मुलीनं काहीतरी सांगितलं, आणि गुलनाज म्हणाली, "अरे वा!"

मग खोळ पसरल्याचा आवाज आला. बिस्मिल्ला दाराआडून बघत राहिली. लेकीनं दुकानातला कापूस घेतला, कडेपर्यंत नेला, हातानं सारखा केला, कोपरे दाबले. काम स्वच्छ होतं, कुठं उणं नव्हतं. मुलीची आई म्हणाली, "टिकंल ना गं?"

"टिकंल की," गुलनाज म्हणाली आणि दाभणात दोरा ओवला.

उशाकडची जादा मूठ मात्र तिनं घातली नाही.